पक्ष, प्रतिपक्ष आणि तिसरा : ‘स्कायरिम’मधील यादवी व नैतिक वाचनाचा प्रश्न

१

कल्पित पात्रांच्या वर्तनाचा नैतिक न्याय करावा की करू नये, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी निगडित झालेल्या कलावाद-जीवनवादाच्या संघर्षात तो एका रूपाने उपस्थित झाला. पुढे सामाजिक बांधिलकीच्या चर्चेत त्याने दुसरे रूप घेतले. साहित्यकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरणाऱ्यांनी हा प्रश्नच समीक्षाबाह्य ठरविला, तर बांधिलकीचा आग्रह धरणाऱ्यांनी तो लेखकाला विचारला. वाचक मात्र या वादाच्या निकालाची वाट पाहत थांबला नाही. कर्ण थोर की अर्जुन, कैकेयीचा दोष किती, बिभीषण धर्मनिष्ठ की कुलघातकी, असे प्रश्न तो पारावर, कीर्तनात, वक्तृत्वस्पर्धेत आणि घरच्या ओसरीवर विचारीतच राहिला. नैतिक वाद हा सामान्य वाचकाचा कथेत शिरण्याचा सर्वांत जुना दरवाजा आहे. विद्यापीठीय समीक्षेने तो बंद केला असला, तरी वर्दळ त्याच दाराने चालू आहे.

आज ही वर्दळ ज्या ठिकाणी सर्वाधिक दिसते, ते ठिकाण साहित्याच्या अभ्यासकाला अनोळखी आहे. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतकथात्मक खेळांनी गेल्या तीन दशकांत दीर्घ कथनाचे एक स्वतंत्र रूप घडविले. या खेळांत परस्परविरोधी पक्ष असतात, त्यांना इतिहास असतो, धर्मकल्पना असतात, अन्यायाच्या आठवणी असतात; आणि खेळणाऱ्याला त्यांपैकी एकाची बाजू घ्यावी लागते किंवा घेता येते. खेळ संपल्यावर वाद सुरू होतो. आपण ज्यांच्या बाजूने लढलो ते न्यायी होते काय, या प्रश्नावर खेळाडू वर्षानुवर्षे वाद घालतात. हा वाद पोरकट म्हणून सोडून देण्याजोगा नाही, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. तो निर्दोष नाही, हीही भूमिका तितकीच महत्त्वाची आहे. किंबहुना त्याचा दोष मराठीच्या वर्गांतील वाचनाच्या एका जुन्या दोषाशी इतका जुळतो, की एकाची तपासणी केल्यास दुसऱ्यावर आपोआप प्रकाश पडावा.

उदाहरणादाखल एकच खेळ घेणे श्रेयस्कर. ‘द एल्डर स्क्रोल्स’ ही मालिका १९९४ साली सुरू झाली. तिचा पाचवा भाग ‘स्कायरिम’ ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रकाशित झाला. बेथेस्डा या अमेरिकन संस्थेने तो तयार केला व टॉड हॉवर्ड यांनी त्याचे दिग्दर्शन केले. प्रकाशनाला दहा वर्षे उलटून गेल्यानंतरही तो खेळला जातो. आणि त्यातील यादवी युद्धात साम्राज्याची बाजू न्याय्य की बंडखोर ‘स्टॉर्मक्लोक’ पक्षाची, हा वादही त्याबरोबर टिकून आहे. पंधरा वर्षांच्या आसपास एखाद्या कल्पित युद्धाचा नैतिक निवाडा वाचकांना अपुरा वाटत राहावा, ही घटना साहित्याच्या अभ्यासकाने दखल घ्यावी अशीच आहे.

२

संघर्षाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. स्कायरिम हा नॉर्ड लोकांचा हिमाच्छादित प्रांत एका मोठ्या साम्राज्याचा भाग आहे. कथाकाळाच्या सुमारे तीस वर्षे आधी या साम्राज्यावर एल्फ वंशीयांच्या ‘आल्डमेरी डोमिनियन’ या सत्तेने आक्रमण केले. महायुद्धात राजधानी पडली, परत मिळविली गेली. परंतु सैन्य थकल्यामुळे सम्राट टायटस मीड दुसरा याने तह केला. या तहाने टॅलोस या देवाची उपासना बेकायदा ठरली. टॅलोस म्हणजे टायबर सेप्टिम. ज्या साम्राज्याने त्याची पूजा बंद केली, त्याच साम्राज्याचा तो संस्थापक. मृत्यूनंतर देवत्व पावलेला. नॉर्ड लोकांचा तो आराध्य. डोमिनियनचे सत्ताधारी थालमोर हे बंदीच्या अंमलबजावणीसाठी स्कायरिममध्ये वावरतात आणि उपासकांना पकडून नेतात.

या अपमानातून उलफ्रिक स्टॉर्मक्लोकचे बंड उभे राहते. विंडहेल्मचा हा अधिपती सॉलिट्यूड येथे जातो, उच्चराजा टोरिग याला द्वंद्वाचे आव्हान देतो आणि त्याला ठार करतो. या द्वंद्वात तो एका प्राचीन विद्येचा, शब्दोच्चारातून प्रकटणाऱ्या शक्तीचा, वापर करतो. बंडखोरांच्या मते हे परंपरेने मान्य केलेले आव्हान होते; साम्राज्याच्या मते हा सरळ खून होता. टोरिगची विधवा एलिसिफ साम्राज्याच्या आश्रयाने राहते. ज्या द्वारपालाने उलफ्रिकला नगरातून जाऊ दिले, त्या रॉगव्हिरचा शिरच्छेद खेळाडूच्या डोळ्यांदेखत होऊ शकतो.

साम्राज्याच्या बाजूचे युक्तिवाद व्यवहारवादी आहेत. तह हा विश्रांतीचा काळ आहे, खरा शत्रू थालमोर आहे, विभागलेला प्रदेश त्याच्यापुढे टिकणार नाही, आणि विंडहेल्ममधील उलफ्रिकचे राज्य न्यायाचे नाही. विंडहेल्मच्या ‘ग्रे क्वार्टर’ या वस्तीत ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर देशोधडीला लागलेल्या डनमर निर्वासितांची हलाखी खेळाडूला दिसते. आर्गोनियन गोदी-कामगारांना तर तटाच्या आत राहण्याची परवानगीही नाही. नगराच्या वेशीपाशीच एका डनमर स्त्रीला दोन नॉर्ड दरडावीत असल्याचा प्रसंग आढळतो. बंडखोरांच्या बाजूचे युक्तिवाद तत्त्वनिष्ठेचे आहेत. जे साम्राज्य प्रजेच्या देवाचा सौदा करते, त्याला प्रजेच्या निष्ठेचा अधिकार उरत नाही. शिवाय हॅमरफेलचा दाखला आहे. त्या प्रांताने तह नाकारला, साम्राज्याने त्याला वाऱ्यावर सोडले, तरी तेथील लोकांनी एकट्याने लढून डोमिनियनला माघार घ्यावयास लावली. मग स्कायरिमला स्वातंत्र्य का झेपू नये?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, असे म्हणून येथे थांबता येईल. हेगेलने ‘अँटिगनी’च्या संदर्भात शोकात्म संघर्षाची जी मीमांसा केली, ती अशाच ठिकाणी आठवते. न्याय आणि अन्याय यांची झुंज शोकात्म नसते; दोन अपुऱ्या न्यायांची झुंज शोकात्म असते. तथापि खेळाडू येथे थांबत नाहीत, आणि त्यांच्या न थांबण्यातच अभ्यासाचा विषय आहे.

३

या वादातील वाचनाचे कौशल्य प्रथम मान्य केले पाहिजे. स्कायरिममध्ये सर्वज्ञ निवेदक नाही. इतिहास कळतो तो पात्रांच्या बोलण्यातून, सापडलेल्या पत्रांतून आणि खेळाच्या जगात विखुरलेल्या शेकडो पुस्तकांतून. ही पुस्तके त्या जगातल्याच कोणी ना कोणी लिहिलेली आहेत, म्हणजेच प्रत्येकाला कर्ता आहे आणि कर्त्याला पक्ष आहे. वेन बूथ यांनी १९६१ साली ‘द रेटरिक ऑफ फिक्शन’मध्ये अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना मांडली. पदव्युत्तर वर्गात ती समजावून देताना अध्यापकाला बरेच कष्ट पडतात. येथे मात्र विशीतला खेळाडू तिचे नावही न ऐकता तिचा वापर करतो.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. उलफ्रिकने पूर्वी मार्कार्थ हे नगर बंडखोरांकडून परत जिंकले, तेव्हाच्या अत्याचारांचे वर्णन ‘द बेअर ऑफ मार्कार्थ’ या पुस्तकात येते. शरण आलेल्यांना आणि लढाईत भाग न घेतलेल्यांनाही मारण्यात आले, असा त्याचा आरोप आहे. परंतु ग्रंथकर्ता एरियनस एरियस हा साम्राज्याचा विद्वान आहे. उलफ्रिकचे समर्थक त्याच्या साक्षीवर तत्काळ बोट ठेवतात. विरोधक उत्तर देतात की, हाच ग्रंथकार साम्राज्यालाही दोष देतो. तेव्हा तो केवळ प्रचारक मानता येत नाही. ही चर्चा साधनचिकित्सेची आहे. बखरीचा पुरावा कितपत ग्राह्य धरावा, या प्रश्नावर मराठी इतिहासलेखनात जी चिकित्सा झाली, तिच्याशी तिचे नाते उघड आहे.

दुसरे उदाहरण थालमोरांच्या वकिलातीत सापडणाऱ्या उलफ्रिकविषयक गोपनीय टिपणाचे. महायुद्धात तो कैद झाला होता, त्याच्यावर अत्याचार झाले, आपण दिलेल्या माहितीमुळेच राजधानी पडली अशी त्याची समजूत करून देण्यात आली व मग त्याला निसटू दिले, असे त्यात नमूद आहे. पुढे त्याचा उल्लेख उपयुक्त माणूस म्हणून येतो. मात्र तो आता सहकार्य करीत नाही, आणि बंडखोरांचा संपूर्ण विजयही थालमोरांना नको आहे, अशी पुस्ती जोडलेली आहे. एक पक्ष या टिपणातून उलफ्रिक शत्रूचा हस्तक असल्याचे सिद्ध करू पाहतो. दुसरा पक्ष त्याच टिपणातील त्याच ओळींवरून तो हस्तक नसल्याचे दाखवितो. युद्ध लांबावे एवढेच थालमोरांना हवे आहे, हा तिसरा आणि बहुधा अधिक अचूक अर्थ दोघांच्या वादातून हाती येतो. सॉलिट्यूडच्या दरबारातील सिबिल स्टेंटर ही टोरिगला उलफ्रिकविषयी आदर होता, त्याने मागितले असते तर टोरिगने कदाचित स्वातंत्र्य जाहीरही केले असते, असे सुचविते. ही एक साक्ष द्वंद्वाला शोकात्म करते. पण वादात ती आरोपपत्राचे कलम म्हणून वापरली जाते.

येथेच गुणाचा दोष होऊ लागतो. वाचन सूक्ष्म आहे, परंतु ते निकालाच्या सेवेला लावलेले आहे. जो तपशील बाजूला उपयोगी पडतो तो पुरावा, जो पडत नाही तो अपवाद. खेळाच्या संहितेतील संदिग्धता ही खेळाडूला वाटेतील खड्ड्यासारखी भासते. तो बुजविणे हे आपले काम, असे तो समजतो. वुल्फगांग इझर यांनी संहितेतील रिक्त जागा वाचकाच्या सर्जनशीलतेला आवाहन करतात, असे प्रतिपादन केले. येथे रिक्त जागा भरली जाते खरी, पण ती वकिलाच्या हाताने.

४

मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटण्याचे कारण नाही. महाभारताविषयीचा मराठीतील वाद या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. दुर्गा भागवत यांचे ‘व्यासपर्व’ १९६२ साली, तर इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ व शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी ही दोन्ही १९६७ साली प्रकाशित झाली. पुढे १९७३ साली रणजित देसाई यांची ‘राधेय’ आली. कर्णाच्या बाजूने मराठी वाचकाचे मन वळविण्यात कादंबऱ्यांचा वाटा मोठा आहे. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण अशी सहा पात्रे आपापल्या तोंडून कथा सांगतात, रचना अनेकमुखी आहे. परंतु सामान्य वाचनात या सहा साक्षी एकाच निकालाकडे नेणाऱ्या म्हणून घेतल्या गेल्या. कर्णावर अन्याय झाला, हे सत्य. पण ते सांगता सांगता द्यूतसभेतील कर्णाच्या वर्तनाची वासलात कशी लावावी, ही अडचण वाचकाला सोडवून घ्यावी लागली. ‘युगान्त’चे वेगळेपण असे की, त्यात कोणालाही वकीलपत्र दिलेले नाही. व्यक्ती आपापल्या काळाच्या नीतिव्यवस्थेत कशा अडकल्या आहेत, हे तेथे दाखविले जाते.

तथापि कर्णाचा पक्ष घेणारा वाचक आणि उलफ्रिकचा पक्ष घेणारा खेळाडू यांच्यात एक मूलभूत अंतर आहे. वाचकाने कुरुक्षेत्रावर शस्त्र उचललेले नसते. खेळाडूने उचललेले असते. स्कायरिमच्या आरंभी तो कैदी आहे. हेलगेन येथे साम्राज्याचे सैनिक त्याला वधस्तंभाकडे नेतात. त्याचे नाव यादीत नाही हे उघड झाल्यावरही त्यांची नायिका त्याचा वध करण्याचा हुकूम सोडते. ड्रॅगनच्या हल्ल्यामुळे तो वाचतो आणि साम्राज्याचा हॅडव्हार किंवा बंडखोर रॅलोफ यांपैकी एकाच्या मागे धावतो. ही निवड बंधनकारक नसते. पुढे कधी तरी तो शपथ घेतो, किल्ले जिंकतो, व्हाईटरनच्या वेशीवर लढतो. व्हाईटरनचा अधिपती बालग्रूफ याने त्याला आश्रय आणि मान दिलेला असतो. बंडखोरांची बाजू घेतली तर त्याच्याच दरबारात शस्त्र घेऊन शिरावे लागते. शेवटी विंडहेल्ममध्ये उलफ्रिकचा किंवा सॉलिट्यूडमध्ये सेनापती ट्युलियसचा अंत होतो, आणि तो अंत खेळाडूच्या हातून होऊ शकतो. मरण समोर दिसताच उलफ्रिक हे काम खेळाडूनेच करावे असे सुचवितो, कारण त्यामुळे पुढे गाइले जाणारे गीत अधिक चांगले होईल. पात्राला आपण कथा होणार याचे भान आहे. खेळाडूला मात्र आपण कथेत काय केले याचा हिशेब द्यावयाचा असतो.

संस्कृत साहित्यशास्त्रात भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली. काव्यातील भाव व्यक्तिविशेषापासून सुटतो, म्हणूनच तो आस्वाद्य होतो. रंगमंचावरील भय हे प्रेक्षकाचे स्वतःचे भय नसते. खेळात या प्रक्रियेला अडथळा येतो. कृती ‘माझी’ असते, निर्णय ‘माझा’ असतो; त्यामुळे कृतीविषयीचा वाद हा आस्वादाच्या पातळीवर न राहता आत्मसमर्थनाच्या पातळीवर उतरतो. स्टॉर्मक्लोक पक्षाला वंशद्वेष्टे म्हटले की, तो पक्ष निवडणाऱ्याला आपल्यावरच आरोप झाल्यासारखे वाटते. वादाचा तीव्र स्वर पाहून ‘शेवटी खेळच तर आहे’ असे म्हणणारे ही गोष्ट विसरतात. खेळाडू कल्पित पक्षाचा बचाव करीत नसून आपल्या निर्णयाचा बचाव करीत असतो. नैतिक विचाराची सुरुवात बहुधा अशाच बचावातून होते. प्रश्न एवढाच की, तो तेथेच संपतो काय.

५

या वादातील सर्वांत मोठी उणीव त्यात काय म्हटले जाते यात नसून, त्यात कोण येत नाही यात आहे. मार्कार्थ आणि त्याच्या भोवतालचा ‘रीच’ हा डोंगराळ प्रदेश. येथील मूळ रहिवासी ‘रीचमेन’ नॉर्ड नाहीत. त्यांचे देव वेगळे, भाषा आणि आचार वेगळे. महायुद्धाच्या धामधुमीत त्यांनी मार्कार्थ ताब्यात घेतले आणि सुमारे दोन वर्षे तेथे राज्य केले. एरियसच्या म्हणण्याप्रमाणे ते राज्य बऱ्याच अंशी शांततेचे होते आणि साम्राज्याची मान्यता मिळविण्याचा त्यांचा प्रयत्न चालू होता. ते मोडून काढण्यासाठी उलफ्रिकला पाचारण करण्यात आले. मोबदला म्हणून टॅलोसच्या मुक्त उपासनेचे आश्वासन देण्यात आले. पुढे थालमोरांच्या दबावाखाली साम्राज्याने ते आश्वासन मोडले व उलफ्रिकला तुरुंगात टाकले. बंडखोरांच्या तक्रारीचे मूळ हे आहे.

आता या घटनेविषयीचा वाद कसा होतो ते पाहावे. साम्राज्याचे समर्थक म्हणतात, मार्कार्थ हा उलफ्रिकच्या क्रौर्याचा पुरावा. उलफ्रिकचे समर्थक म्हणतात, मार्कार्थ हा साम्राज्याच्या विश्वासघाताचा पुरावा. दोघांच्याही वाक्यात रीचमेन हे कर्ता नाहीत, कर्महीदेखील धड नाहीत. ते केवळ प्रसंगाचे स्थळ आहेत. ज्यांचे राज्य गेले, ज्यांची माणसे मारली गेली, त्यांना त्याविषयी काय म्हणावयाचे आहे, हा प्रश्न क्वचितच वादाच्या केंद्रस्थानी येतो.

या मौनाला खेळाची रचना जबाबदार आहे. डोंगरात राहून लढणारे ‘फॉर्सवॉर्न’ खेळाडूला बहुतेक ठिकाणी दिसताक्षणी शस्त्र उगारणारे शत्रू म्हणून भेटतात. शत्रूशी संभाषणाची सोयच नसते. त्यांच्या विधींचे चित्रणही भयप्रद आहे. मार्कार्थच्या सिडना खाणीत, जी सिल्व्हर-ब्लड या धनाढ्य घराण्याची मालमत्ता आणि त्याच वेळी नगराचा तुरुंगही आहे, त्यांचा पदच्युत राजा मॅडनाक बंदी आहे. हे घराणे त्याचाच वापर करून आपले विरोधक दूर करते. या एका कथाभागात खेळाडूला त्याची बाजू घेऊन त्याच्यासह निसटता येते. परंतु यादवी युद्धाच्या मुख्य प्रवाहात या निवडीला स्थान नाही. हाय ह्रॉथगार येथे तात्पुरत्या शस्त्रसंधीसाठी जी बैठक भरते, तीत मार्कार्थ सौद्यातील एक वस्तू ठरू शकते. बैठकीला दोन्ही पक्ष असतात, थालमोरांची प्रतिनिधीही येते, पण ज्यांच्या भूमीचा सौदा चालला आहे त्यांचा कोणी नसतो. युद्ध साम्राज्याने जिंकले तर जुना अधिपती इगमुंड राहतो. बंडखोरांनी जिंकले तर सिल्व्हर-ब्लड घराण्यातीलच थॉंगव्हॉर गादीवर येतो. खाण चालूच राहते. विंडहेल्मच्या निर्वासितांचीही गोष्ट फार वेगळी नाही. साम्राज्याच्या विजयानंतर त्यांच्याविषयी सहानुभूती बाळगणारा ब्रनवुल्फ अधिपती होतो, परंतु ग्रे क्वार्टरचे दृश्य रूप पालटत नाही.

म्हणजे ज्या दोन पक्षांच्या न्याय-अन्यायाची एवढी मीमांसा होते, त्यांच्यातील निवडीने या माणसांच्या जीवनात जवळजवळ फरक पडत नाही. ‘कोण बरोबर?’ हा प्रश्न विचारल्याबरोबर उत्तराच्या जागा दोनच आहेत असे गृहीत धरले जाते, आणि हे गृहीत अन्यायाचा एक मोठा भाग नजरेआड करते. हे मौन अटळ होते असेही नाही. याच मालिकेतील बहुखेळाडू खेळाच्या ‘मार्कार्थ’ या २०२० सालच्या भागात, फार आधीच्या काळात घडणाऱ्या कथेत, मार्कार्थवर रीचमेनचे राज्य दाखविले आहे. तेथे ते बोलतात, आपसांत भांडतात, राज्यकारभार करतात. तेव्हा त्यांना बोलते करणे कल्पनेच्या आवाक्याबाहेरचे नव्हते.

महाभारताच्या वादातही हेच घडत आले. कौरव की पांडव, या प्रश्नाच्या उजेडात लाक्षागृहात आपल्या पाच मुलांसह जळालेली निषाद स्त्री दिसत नाही. पांडवांच्या सुटकेसाठी सहा मृतदेह आवश्यक होते आणि ते मिळाले, एवढीच तिची कथानकातील नोंद. खांडववनाच्या दहनाचे तसेच. इरावतीबाईंनी ‘युगान्त’मध्ये त्या दहनातील क्रौर्याकडे लक्ष वेधले, तेव्हा त्या पांडवांच्या विरोधात कौरवांची बाजू घेत नव्हत्या. त्यांनी प्रश्नाची चौकट बदलली. दलित साहित्याने एकलव्य आणि शंबूक यांना केंद्रस्थानी आणून हीच गोष्ट अधिक प्रखरपणे केली. त्यानंतर पक्ष-प्रतिपक्षाच्या भाषेत महाभारत वाचणे शक्य राहिले, पण निर्धास्तपणे वाचणे शक्य राहिले नाही.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की, तिसऱ्याचा उल्लेख करून दोन्ही पक्षांना सारखेच दोषी ठरविणे ही नैतिक पळवाट आहे. आक्षेप रास्त आहे. खेळात यादवीपासून अलिप्त राहूनही मुख्य कथा पूर्ण करता येते, आणि अनेक खेळाडू अलिप्ततेलाच शहाणपण मानतात. परंतु अलिप्त राहिल्याने सिडना खाण बंद होत नाही. तिसऱ्याकडे पाहणे म्हणजे निवाडा टाळणे नव्हे; निवाडा कोणत्या निकषावर करावयाचा, याची फेरतपासणी करणे होय. ‘कोणाचा दावा अधिक खरा?’ याऐवजी ‘कोणाच्या विजयाची किंमत कोण मोजतो?’ असे विचारले, तर साम्राज्य आणि बंडखोर यांच्यात फरक करता येतो, आणि तो अधिक जबाबदारीने करता येतो. ज्या सॉव्हनगार्डमध्ये मृत नॉर्ड वीर जातात, तेथे आल्डुइन हा ड्रॅगन दोन्ही पक्षांच्या सैनिकांचे आत्मे भेदभाव न करता गिळत असतो. संहितेने स्वतःच दिलेला हा संकेत वादात फारसा विचारात घेतला जात नाही.

दुसरा आक्षेप विद्यापीठीय आहे. संगणकीय खेळ हे साहित्य नाही. मग मराठी विभागाने त्याची चर्चा का करावी? याला उत्तर असे की, येथे विषय खेळ नसून वाचन हा आहे. स्टॅन्ली फिश ज्याला अर्थनिर्णयन करणारा समुदाय म्हणतात, तसा एक समुदाय येथे प्रत्यक्ष कार्यरत आहे. त्याचे सदस्य कोणत्याही परीक्षेसाठी वाचत नाहीत. तरीही ते साक्षींची छाननी करतात, ग्रंथकर्त्याचा पूर्वग्रह तपासतात, एका शब्दाच्या अर्थावर दिवसच्या दिवस घालवितात. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांतही असे खेळाडू असतात. वर्गाबाहेर इतक्या बारकाईने वाचणारा विद्यार्थी वर्गात मात्र मार्गदर्शिकेतील चार मुद्दे उतरवून का घेतो, हा प्रश्न अध्यापकांनी स्वतःला विचारावा असा आहे. संभाव्य उत्तर असे, की तेथे त्याच्या निर्णयाला काही किंमत आहे. येथे निर्णय आधीच झालेला असतो.

याचा अर्थ वर्गात वादसभा भरवाव्यात असा नव्हे. ‘कर्ण श्रेष्ठ की अर्जुन?’ या प्रकारच्या प्रश्नांनी मराठीच्या अध्यापनाचे पुरेसे नुकसान केलेले आहे. असे प्रश्न विद्यार्थ्याला बाजू घ्यावयास शिकवितात आणि बाजू घेतली म्हणजे विचार झाला, असा समज करून देतात. त्यांच्या जागी वेगळे प्रश्न आणता येतील. या कथेत संघर्ष दोन पक्षांचाच आहे, असे कोणी ठरविले? कोणत्या पात्राशी संभाषणाची सोय संहितेने ठेवलेली नाही? ज्याला शत्रू म्हणून दाखविले आहे, तो कोणाच्या दृष्टीने शत्रू आहे? हे प्रश्न खेळाला विचारता येतात, महाभारताला विचारता येतात, आणि ग्रामीण कादंबरीतील दोन भाऊबंदांच्या बांधाच्या तंट्यालाही विचारता येतात. बांध कोणाचा, यावर सारा गाव भांडतो. त्या बांधावर मजुरीला राबणाऱ्याचे नाव कथेच्या शेवटीही वाचकाला ठाऊक नसते.

खेळाडूंच्या वादाने समीक्षेला एक मोलाची गोष्ट परत दिली आहे. कथेतील कृतीची जबाबदारी वाचकापर्यंत पोहोचू शकते, ही जाणीव रूपवादी समीक्षेच्या काळात क्षीण झाली होती. हा वाद तिला पुन्हा धार आणतो. समीक्षेनेही त्याला त्याबदली काही दिले पाहिजे. निकाल लागल्यानंतरही कोणाचे ऐकून घ्यावयाचे राहिले आहे, हे विचारण्याची सवय तिने द्यावी. मराठीच्या वर्गांना ती सवय लागली, तर ती खेळांपुरती राहणार नाही. आणि ती लागली नाही, तर पक्ष बदलत राहतील, वाद रंगत राहतील आणि सिडनाच्या खाणीत काम चालू राहील.